लढाईचे दांडे

ब्राह्मणपुरीच्या चुनीलाल पाटलाकडे जीप आली ती बैलगाडीच्या मागे बांधून. पुढे कुणी ही गोष्ट काढली की चुनीलाल म्हणायचा, "पेट्रोल नव्हतं म्हणून." ते खरंही होतं. पण गाव पहिलं पाहिलेलं विसरत नाही. नवरी कोणत्या पायाने उंबरा ओलांडते हे सासरचे जन्मभर लक्षात ठेवतात, तसं गावाने त्या दिवशी मनात धरलं की जीप नावाचं वाहन बैल ओढतात.

साल त्रेपन्न. लढाई संपून सात-आठ वर्षं झाली होती, आणि लष्कराने टाकून दिलेला माल एका लिलावातून दुसऱ्या लिलावात असा फिरत फिरत खानदेशापर्यंत पोचला होता. तळोद्याचे भीकमचंद शेठ अशा मालाचे मोठे गिऱ्हाईक. तंबूचं कापड, पाण्याच्या टाक्या, एकदा तर पोतंभर बूट, सगळे डाव्या पायाचे. स्वस्त दिसलं की घ्यायचं आणि मग त्याचा उपयोग शोधायचा, असा त्यांचा धंदा. ही जीप त्यांच्या दुकानामागे लिंबाखाली उभी होती आणि तिच्या मागच्या बाकावर कोंबडी अंड्यांवर बसली होती.

चुनीलाल गेला होता पेंड आणायला. जीप पाहून तो पेंड विसरला.

त्याच्या घरात काहीच न देणारी अशी एकही वस्तू नव्हती. म्हैस दूध देई, शेत कापूस देई. अंगणातल्या आंब्याने लागोपाठ दोन वर्षं मोहर धरला नाही, तेव्हा आजोबांनी त्याचा पलंग केला होता. अशा घरात वाढलेल्या माणसाला चाळिशीत पहिल्यांदा एखादी वस्तू नुसती आवडावी, ही काही साधी गोष्ट नव्हे. तिचं ते चपटं तोंड, दोन गोल डोळे, बॉनेटवरचा पांढरा तारा. दार नाहीच, पाय टाकला की आत. सुकाणूचं चाक डाव्या बाजूला. चुनीलाल चाकामागे बसला आणि कोंबडी ओरडत उडाली.

"हा मोठा दांडा गिअरचा," भीकमचंद म्हणाले.

"आणि त्याच्या बाजूचे हे दोन आखूड?"

भीकमचंदांना ते ठाऊक नव्हतं. पण गादीवर बसणाऱ्या माणसाने 'ठाऊक नाही' म्हटलं की भाव उतरतो. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "त्यांना हात नका लावू, पाटील. ते लढाईचे दांडे. आपल्याला त्यांचं काम नाही."

चुनीलालच्या अंगावर काटा आला. सौदा तिथेच झाला.

घरी जमनाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, जीपभोवती एक फेरी घातली. म्हैस विकत घेताना घालतात तशी. मग विचारलं, "आनि हाई काय देस?"

चुनीलालला उत्तर सुचलं नाही. ते त्याला पुढे नऊ वर्षं सुचलं नाही.

भीकमचंदांच्या मालट्रकवरच्या ड्रायव्हरने चार दिवस येऊन त्याला गाडी शिकवली. त्याच्या ट्रकला एकच दांडा होता. आखूड दांड्यांकडे पाहून तोही म्हणाला, "मिलिटरीच्या वस्तूला आपण कशाला छेडायचं?" झालं, दोन साक्षीदार मिळाले. दसऱ्याला घरातली अवजारं पुजायची तेव्हा चुनीलालने त्या दोन दांड्यांनाही हळदकुंकू लावलं आणि दोघांना मिळून लाल नाडा बांधला. दुसऱ्या दसऱ्याला त्यावर दुसरा, तिसऱ्याला तिसरा. पाच-सात वर्षांत तिथे मक्याच्या कणसाएवढा जाड गोळा झाला. समोरच्या पत्र्यावर एका पट्टीत इंग्रजीत काही कोरलेलं होतं, दांड्यांची चित्रंही काढलेली होती. पण गाडीत तेवढीच जागा सपाट होती, म्हणून गोरखनाथांची तसबीर तिच्यावरच ठोकली.

गावात तर्क चालायचे. कुणी म्हणे, एक ओढला की पुढून गोळ्या सुटतात. कुणी म्हणे, दोन्ही ओढले की गाडी आपली आपण ब्रह्मदेशाकडे तोंड करते. बासष्टच्या दिवाळीच्या सुमारास चीनच्या लढाईच्या बातम्या आल्या, तेव्हा पारावरची चार म्हातारी माणसं गंभीर चेहऱ्याने चुनीलालकडे आली आणि म्हणाली, "भाऊ, सरकारने मागितली ते दांडासकट देशी ना?" चुनीलाल तितक्याच गंभीरपणे म्हणाला, "देसू." त्या रात्री त्याने जेवताना दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

राहिली गाडी चालवण्याची गोष्ट. पक्क्या सडकेवर ती छान चाले. पण पक्की सडक तेव्हा होती किती? शहाद्याला जायचं म्हटलं तरी मध्ये नाला, नाल्यात वाळू. वाळूत शिरली की जीपची मागची चाकं फिरत, वाळू उडवत, आणि गाडी बसल्या जागी खाली खाली जाई, अंड्यावर बसणाऱ्या कोंबडीसारखी. पुढची चाकं नुसती बघत राहत. मग चुनीलाल हॉर्न वाजवी आणि जवळच्या शेतातून गावचा नथ्थू आपली बैलजोडी घेऊन येई.

नथ्थूची जोडी म्हणजे काजळ्या आणि बादल. गाडी निघाली की चुनीलाल दोघांना गुळाचा एकेक खडा देई आणि नथ्थूला चहा पाजी. बैल माणसापेक्षा लवकर शिकतात. चौथ्या-पाचव्या वर्षापासून असं झालं की जीपचा हॉर्न ऐकला की दोघं आपण होऊन यायचे, जीपच्या पुढे जाऊन वळायचे आणि बंपरला पाठ देऊन उभे राहायचे. नथ्थूने फक्त दोर बांधायचा. गावच्या बायका नाल्यावर धुणं धूत असत. त्या म्हणत, "चुनीभाऊनी जीप उनी वाटस, बैल चालनात."

आणि एवढं सगळं असून चुनीलाल दर वर्षी पारावर सांगायचा की या शिवरात्रीला जीप घेऊन तोरणमाळावर जाणार. यात्रेचे लोक पायी चढतात, आपण गाडीने चढणार, गोरखनाथांपुढे गाडी उभी करून नारळ फोडणार. नऊ शिवरात्री तो निघाला आणि नऊ वेळा राणीपूरच्या अलीकडच्या नाल्यातून बैलांच्या मागे परत आला. एका वर्षी वाट चुकली होती, एका वर्षी पेट्रोलमध्ये पाणी होतं. एका वर्षी, त्याच्या मते, वाळूच वेगळी होती.

एवढं होऊनही जमनाबाई काही बोलली नव्हती. ती बोलली तिच्या बहिणीच्या घरच्या लग्नानंतर. त्या लग्नाला ती नवं लुगडं नेसून जीपमधून निघाली आणि पोचली ती काजळ्या-बादलच्या मागे. मांडवाच्या दारात तिच्या बहिणीची विहीण उभी होती. ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "बैल आणायचेच होते तर नुसती बैलगाडी आणायची ना, जमनाबाई. बिचाऱ्यांना हलकी पडली असती."

घरी आल्यावर जमनाबाईने नवऱ्याला समोर बसवलं.

"शिवरात्रले तोरणमाळ जाई ऱ्हायनात ना?"

"हो."

"मी बी येस. वर पोची गयी ते गाडी तुम्हनी, मरेपर्यंत काय बी बोलाऊ नही. पन वाटमा एक बी बैल लागना, ते गाडी भीकमशेटनी."

भीकमचंदांनी काही दिवसांपूर्वीच निरोप धाडला होता की गाडी परत द्यायची असेल तर इंजिन पिठाच्या गिरणीला बसवतो, बाकीचा सांगाडा भंगारात जाईल. चुनीलाल जीपजवळ जाऊन उभा राहिला. फावडं अडकवायच्या कड्यांत त्याची छत्री अडकवलेली होती. संध्याकाळी तो याच गाडीत बसून चहा प्यायचा, उभ्या गाडीत, कुठेही न जाता. गिरणीत हे इंजिन दिवसभर ज्वारी दळणार आणि आपण दारात पिशवी घेऊन रांगेत उभं राहणार, असं मनात येताच त्याने छत्री काढली आणि पुन्हा तिथेच नीट अडकवली.

मग त्याने लबाडी करायचं ठरवलं. स्वभाव तसा नव्हता, म्हणून ती फार विचारपूर्वक केली. राणीपूरच्या नाल्यातल्या वाळूवर कपाशीच्या पऱ्हाट्या अंथरून घेतल्या. पऱ्हाट्या म्हणजे बैल नव्हेत, हे जमनाबाईलाही कबूल करावं लागलं असतं. आणि नथ्थूला एक दिवस आधी जोडी घेऊन घाटात पाठवलं. लाकडं उतरवायला जंगलखात्याने तिथे गाडीवाट खोदली होती. तिच्या सगळ्यात खड्या चढावर, सागाच्या आड लपून राहायचं. गाडी अडली की चुनीलाल बायकोला म्हणणार, गाडी हलकी करायला तू पायी पुढे हो. ती वळणाआड गेली की हॉर्न तीनदा.

"आनि भाभीनी देखं ते?" नथ्थूने विचारलं.

"नाही पाहणार."

"पाहीच जायी, भाऊ," नथ्थू म्हणाला. पण गेला.

शिवरात्रीच्या सकाळी पऱ्हाट्यांवरून जीप नाला कडकड करत ओलांडून गेली, आणि चुनीलालने आयुष्यात पहिल्यांदा राणीपूरच्या पलीकडचा रस्ता चाकामागे बसून पाहिला. तो इतका हरखला की गाऊ लागला. जमनाबाई उजव्या बाजूला मांडीवर नारळाची पिशवी घेऊन बसली होती. आखूड दांडे नेमके तिच्या गुडघ्याशी येत. तिने पदर दोनदा त्या नाड्याच्या गोळ्यातून सोडवला आणि दोनदा त्याच्याकडे पाहिलं.

घाट सुरू झाला. यात्रेकरू बाजूला होऊन टाळ्या वाजवू लागले. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. खड्या चढावर मात्र मागची चाकं मुरमावर गरगरा फिरली, धूळ उडाली, आणि जीप थोडी मागे सरकून थांबली. चुनीलालने पुन्हा जोर दिला. पुन्हा तेच. पुढची चाकं नेहमीप्रमाणे बघत राहिली.

"तू जरा पायी पुढे हो," तो कपाळ पुसत म्हणाला. "गाडी हलकी होईल."

"मी उतरस नही."

"अगं, वळणापर्यंत फक्त."

"बोली गाडीमा बसीसन जावानी व्हयेल शे." आणि तिने मांडी घातली.

आता आली पंचाईत. हॉर्न वाजवावा तर बैल दिसणार, न वाजवावा तर दिवसभर इथेच. पाच-पंचवीस यात्रेकरू भोवती जमले. बांबूची मोळी घेऊन वर निघालेला खात्या नावाचा एक पावरा आदिवासी मोळी खाली ठेवून दगडावर बसला, निवांत, तमाशाला बसावं तसा. चुनीलालने पुन्हा एकदा गाडी चढवून पाहायचं ठरवलं. चाक वळवताना घाईत त्याचं कोपर हॉर्नवर पडलं.

एकदाच वाजला. नथ्थू सागाच्या सावलीत गाढ झोपला होता, त्याला काही ऐकू गेलं नाही. पण काजळ्या आणि बादल जागे होते. पाचोळा वाजला. झाडीतून दोन शिंगं आली, मग आणखी दोन. दोघं डौलात चढ उतरले, गर्दीतून वाट काढत जीपच्या पुढे आले, वळले, आणि बंपरला पाठ देऊन उभे राहिले. काजळ्याने मान वळवून चुनीलालकडे पाहिलं. गुळाचं काय, असं.

सगळा घाट हसला.

जमनाबाई हसली नाही. तिने बैलांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "हाई नथ्थूभाऊनी जोडी शे."

"असं दिसतंय खरं," चुनीलाल म्हणाला.

"जत्राले उनी व्हयी."

त्याने दोन्ही हात चाकावर ठेवले आणि मान खाली घातली. गिरणीचा पट्टा त्याला दिसू लागला, पिठाने पांढरं झालेलं इंजिन दिसू लागलं. पन्नाशीला आलेल्या माणसाने भर घाटात रडावं का, याचा तो मनातल्या मनात निर्णय करत होता.

जमनाबाईने ते पाहिलं. तिने या माणसाशी तीस वर्षं संसार केला होता. त्याला कापूस बुडाला तेव्हा तिने पाहिलं होतं, बाप गेला तेव्हा पाहिलं होतं. असा चेहरा तेव्हाही झाला नव्हता. ती जराशी घुटमळली.

"आजून दोर बांधेल नही," ती म्हणाली. "बैल नुसता उभा शेतस. तुम्हनं सगळं करीसन व्हयनं का?"

"सगळं झालं."

"सगळं?"

"सगळं."

तिने गुडघ्याशी बोट केलं. "मंग हाई काय शे?"

चुनीलाल दचकला. "हात लावू नको! ते लढाईचे!"

जमनाबाईने समोर पाहिलं. बंपरला पाठ देऊन दोन बैल, त्यांच्यापुढे अंगावर येणारा चढ, भोवती हसणारा गाव-गावचा माणूस, मागे दरी, आणि शेजारी हा असा नवरा.

"मंग लढाई आजून कशी ऱ्हास?" ती म्हणाली.

नारळ सोलायला आणलेला विळा तिने पिशवीतून काढला आणि नऊ दसऱ्यांचा नाडा एका ओढीत कापला. चुनीलालने भीतीने डोळे मिटले आणि दोन्ही पाय होते तिथे गच्च दाबले, म्हणजे एक ब्रेकवर, एक क्लचवर. त्याहून बरं त्याला डोळे उघडे ठेवूनही जमलं नसतं. जमनाबाईने दुसरा दांडा पुढे ढकलून पाहिला, हलेना. मग पहिला धरून जात्याच्या खुंट्यासारखा आपल्याकडे ओढला. खट्. मग दुसरा पुढे ढकलला. खट्.

गोळ्या सुटल्या नाहीत. गाडी ब्रह्मदेशाकडेही वळली नाही.

"चाला," ती म्हणाली.

चुनीलालने क्लच सोडला. इंजिनाचा आवाजच बदलला, खाली उतरला, गुरगुरला. आणि पुढची दोन चाकं, जी नऊ वर्षं पाहुण्यासारखी बसून होती, ती फिरू लागली. चारही चाकांनी मुरूम धरला. जीप हळू, अगदी बैलाच्या चालीने, चढ चढू लागली. काजळ्या आणि बादलला मागून बंपर लागला तेव्हा ते चमकून पुढे सरले आणि वळून पाहू लागले. असं कधी झालं नव्हतं.

दगडावरचा खात्या उठला आणि मोळी डोक्यावर घेऊन जीपबरोबर चालू लागला. गाडीची चाल तेवढीच होती. बाजारात शिकलेल्या अहिराणीत तो म्हणाला, "जंगलना सायेबनी गाडी बी आशीच चढस. तो ते राणीपूरलेच दांडा ओढी लेस."

"मग नऊ वर्षं सांगितलं का नाहीस रे?" चुनीलाल जवळजवळ ओरडला.

"तुम्ही आठलोंग उनात कधी?" खात्या म्हणाला.

हे खरंच होतं. राणीपूरच्या पुढे जीप आलीच नव्हती. आणि खाली, ब्राह्मणपुरीपासून शहाद्यापर्यंत, ज्यांनी पाहिली त्यांनी नाडा पाहिला होता, दांडे नव्हे.

वर तळ्याच्या काठी जीप उभी राहिली. चुनीलालने नारळ फोडला, दोन्ही दांड्यांवर पाणी शिंपडलं आणि बराच वेळ गाडीतच बसून राहिला. आनंद झालाच होता. पण त्याच्या मागोमाग एक गोष्ट हळूच येऊन शेजारी बसली होती. गावाला सांगायचं काय? नऊ वर्षं प्रत्येक नाल्यात हे दोन दांडे हाताशी होते आणि आपण त्यांना कुंकू लावत होतो, हे सांगायचं? त्यापेक्षा भीकमचंदला गाडी देणं सोपं. त्याने बायकोकडे हात केला.

"तो नाडा दे. परत बांधून टाकू. गोरखनाथांच्या कृपेने चढली म्हणू."

"नाडा बांधाना नही," जमनाबाई म्हणाली. "देई टाका."

"कुणाला?"

तिने पाठीमागे हनुवटी हलवली. डोळे चोळत नथ्थू आपली जोडी घेऊन वर पोचला होता. तिने उतरून नऊ वर्षांचा लाल नाडा अर्धा काजळ्याच्या गळ्यात बांधला, अर्धा बादलच्या.

"गाडी त्यास्नी ओढी," ती म्हणाली, "ते पूजा बी त्यास्नी."

परतताना ब्राह्मणपुरीच्या पारावर भीकमचंद बसले होते. जमनाबाईची अट त्यांच्या कानावर गेली होती, म्हणून इंजिन उचलायला मोठी बैलगाडी, साखळी आणि दोन माणसं घेऊन आले होते. जीप आपल्या चाकांनी आली, ती नाल्यातूनही आपल्या चाकांनी आली, तेव्हा सगळं गाव उभं राहिलं. बैलाशिवाय चढली कशी, हा एकच प्रश्न दहा तोंडांतून आला. चुनीलालने गाडी थांबवली, घसा साफ केला. जमनाबाई त्याच्याकडे बघत होती.

"ते दांडे पुढच्या चाकांचे आहेत," तो म्हणाला. "लढाईचे नव्हेत. मला ठाऊक नव्हतं."

गाव हसलं, पण तो भ्याला होता तेवढं नाही. बरेच जण नाराज दिसले. पारावरच्या एका म्हाताऱ्याने तर सरळ सांगितलं की आपण हे मानत नाही.

भीकमचंद मात्र जराही गडबडले नाहीत. "तेच तर सांगितलं होतं पाटील तुम्हाला. लढाईत असेच चढ असतात."

"शेठ, खरं सांगा. तुम्हाला माहीत होतं?"

भीकमचंदांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "मी 'माहीत नाही' म्हटलं असतं, तर तुम्ही गाडी घेतली असती?"

चुनीलालने प्रामाणिकपणे विचार केला. पेंड घेतली असती आणि घरी आला असता. एका थापेवर त्याला आयुष्यातली एकुलती एक नुसती आवडलेली वस्तू मिळाली होती. तो शेठना चहाला घेऊन गेला, उभ्या गाडीत.

त्यानंतर जीपला बैल लागले नाहीत. दांड्यांचं काम जमनाबाईकडेच राहिलं, कारण ते तिच्या गुडघ्याशी होते आणि चुनीलालचा हात तिथे जाताना अजून अडखळायचा. दोघं मिळून गाडी चालवत. ती समोरचा रस्ता बघायची, दांडे टाकायची आणि म्हणायची, "चाला." तोरणमाळ झालं, अक्कलकुव्याचा बाजार झाला, एकदा तर त्या विहिणीच्या दारासमोरून विनाकारण तीनदा जाणं झालं.

फक्त हॉर्नची सोय राहिली नाही. गावात कुठेही वाजला की काजळ्या आणि बादल असतील तिथून, नांगरासकट, येत. चांगल्या चालत्या जीपच्या पुढे जाऊन वळत आणि बंपरला पाठ देऊन उभे राहत. कितीही हाकला, हलत नसत. मग जमनाबाई खाली उतरायची, कनवटीला ठेवलेला गूळ दोघांना भरवायची, पाठीवर थाप मारायची. तेव्हा ते बाजूला होत आणि गाडी त्यांनीच काढली अशा थाटात शेताकडे परत जात.